पाय निवेपर्यंत

नाटा गावाच्या अलीकडे लाळ्या-खुरकुतासाठी घातलेलं तारेचं कुंपण आहे. रस्त्यात आडवा दांडा, कडेला टपरीएवढी चौकी आणि चौकीपुढे औषधात भिजवलेलं गोणपाट. येणाऱ्या-जाणाऱ्यानं गाडीतून उतरायचं, बूट गोणपाटावर पुसायचे आणि मगच पुढचा रस्ता धरायचा. सफरीच्या ट्रकचा ड्रायव्हर ओलेबिले सत्तावीस वर्षं इथं बूट पुसत आला होता.

"चला, उतरा सगळे. पिशवीतले जादाचे बूटपण काढा," त्यानं मागच्या खिडकीतून पाहुण्यांना सांगितलं.

आठ पाहुणे होते. धबधब्यापासून विंडहुकपर्यंत अठरा दिवसांची सफर, त्यातला हा चौथा दिवस. त्यांच्या कपड्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. एकमेकांचे फोटो काढत, नाचल्यासारखं करत ते बूट पुसू लागले. चौकीवरच्या माणसानं ट्रकची बर्फाची पेटी उघडायला लावली.

"कच्चं मांस?"

"होतं," थांडेकिले म्हणाली. ती ट्रकवरची स्वैपाकीण, बुलावायोची, पंचेचाळिशीची, हाडापेरानं दणकट. "काल सगळं शिजवून ह्यांच्या पोटात घातलं. पोटं उघडून बघायची असतील तर बघ बाबा, पण लवकर आटप. मला दुपारचं करायचंय."

चौकीवाला हसला आणि ओलेबिलेकडं वळला. "काय रा-सेथुन्या, अजून हिला सांभाळतोस?"

त्या मुलखात पहिलं मूल झालं की बापाचं स्वतःचं नाव मागं पडतं. सेथुन्या झाली त्या दिवसापासून ओलेबिले हा सेथुन्याचा बाप, रा-सेथुन्या झाला. कासानेच्या पेट्रोलपंपापासून घांझीच्या खाटकापर्यंत सगळे त्याला त्याच नावानं हाका मारत. दिवसाकाठी वीसदा तरी लेकीचं नाव त्याच्या कानावर पडे. लेकीचा आवाज मात्र महिन्यातून एकदा, तोही रस्त्यात फोन लागला तर.

चौकीपाशी फोन लागतो. खिशात तो थरथरला. सेथुन्यानं बोलून पाठवलेला निरोप होता, दहा दिवसांपूर्वीचा.

"पापा, मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. मावशी म्हणाली तुला कळवायला हवं. मी म्हटलं, तो रस्त्यावर असेल. कळव म्हणाली, म्हणून कळवते."

त्यानं तो तीन वेळा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना पाठीमागून बाळाचं कुरकुरणं येतंय असं त्याला वाटलं, की ते चौकीवरचं बकरू होतं, कोण जाणे.

"कोण गेलं, मदाला?" थांडेकिलेनं विचारलं. तिच्याकडं म्हाताऱ्या माणसाला मायेनं मदाला म्हणतात. ओलेबिले छप्पन्नचा, पण तिनं पहिल्या फेरीपासून त्याला म्हातारा करून टाकला होता.

"गेलं नाही. आलं. नात झाली."

"मग तोंड असं का पाडलंयस? ग्वेटाला दोन मुक्काम आहेत आपले. घर तिथंच ना तुझं? जा, बघून ये. मीठ-मिरची लागली तर मी माझं बघीन."

 ओलेबिलेनं बूट पुन्हा एकदा गोणपाटावर घासले, खालून, वरून, टाचेपाशी. चौकीवाला म्हणाला, "बास की, कातडं निघंल."

*

ग्वेटाच्या कॅम्पवर पोचल्यावर त्यानं पाहुण्यांना तंबू ठोकून दिले, खुर्च्या मांडल्या, उद्याचा बेत सांगितला: पहाटे पाचला उठायचं, साडेपाचला चहा, मग गावातल्या वाटाड्यांबरोबर मिठाच्या वाळवंटात, परत यायला संध्याकाळ. हा बेत तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. मार्गिट नावाच्या डॅनिश विधवा बाईनं कालच त्याला विचारलं होतं, मुलंबाळं किती? त्यानं ठरलेलं उत्तर दिलं होतं, "दोन. एक मुलगी आणि हा ट्रक." सगळे हसले होते. ह्या उत्तराला सगळे नेहमीच हसायचे.

उन्हं कलायच्या आधी तो पायीच गावात गेला.

सेथुन्याच्या मावशीचं, गापेचं घर चिंचोळ्या वाळूच्या वाटेवर. पुढं सिमेंटच्या विटांच्या दोन खोल्या, मागं गवतानं शाकारलेली जुनी गोल झोपडी, सगळ्याला काटक्यांचं कुंपण. झोपडीच्या दारात उंबऱ्यावर मोपाने झाडाचं जाड लाकूड आडवं टाकलेलं होतं. ते लाकूड दिसलं की बाळंतीण आत आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

"को-को," फाटकापाशी उभं राहून त्यानं हाक दिली.

"कोण हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोण? गावात लई मी हायत."

गापे अंगणात पाटीत ज्वारी निवडत बसली होती. ओलेबिलेच्या मेलेल्या बायकोची थोरली बहीण. तिचं पुरतं नाव मोसेत्सानागापे, म्हणजे पुन्हा मुलगीच. आपल्याकडं नकुशी ठेवतात ना, तशातलं. पण जन्मतःच नकोशी झालेली ही बाई पुढं सगळ्यांच्या पोरी सांभाळत आली. सेथुन्यालाही बाराव्या वर्षापासून तिनंच वाढवलं होतं, आई आजारी आणि बाप रस्त्यावर म्हणून.

तिनं मान वर केली. "रा-सेथुन्या व्हय? ट्रक कुठाय?"

"कॅम्पवर."

"इंजिन बंद केलंस का चालूच ठेवून आलास?"

"बंद केलंय, मा गापे."

"मग बस. तिथं नको, तिथनं वारं आत जातंय. मारुलाच्या झाडाखाली बस."

तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. गापेनं आंबलेल्या ज्वारीची पेज वाटीत आणून दिली. वाटी देताना तिनं डावा हात उजव्या कोपराला लावला होता, परक्या पाहुण्याला लावावा तसा.

"बघायचं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुला म्हाईत हाय की."

"मला म्हाईत हाय. पण तुझ्या तोंडानं ऐकू दे."

"नातीला."

गापे परत ज्वारीपाशी बसली. दोन खडे वेचून तिनं लांब फेकले. "हे बघ. पुरुषमाणूस आत जात न्हाई, हे एक. पण म्हाताऱ्याचं रक्त थंड असतंय, त्याला आमी सोडतो. तुझं रक्त कवाच थंड झालंय, त्याची मला भीती न्हाई. बायकोच्या सुतकाचं काळं कापडबी उतरून पाच वर्षं झाली. भीती हाय ती तुझ्या पायाची. कुठल्या कुठल्या रस्त्यावरनं आलास, काय काय तुडवून आलास, तुझं तुला तरी म्हाईत हाय का?"

"मग काय करू?"

"ह्या कुंपणात तीन रात्री. बाहेर पाऊल टाकायचं न्हाई, गाडीच्या चाकाला हात लावायचा न्हाई. पाय निवू देत. चौथ्या सकाळी मी सोता लाकूड उचलते."

"परवा सकाळी निघायचंय मला."

"मग नीघ की. कोण धरून ठेवतंय?" गापे म्हणाली. "तू निघायचा, ह्यात नवीन काय हाय?"

झोपडीत बाळ रडलं. बारीक, खरवडल्यासारखा आवाज. मग सेथुन्याचं गुणगुणणं आणि पुन्हा शांत. ओलेबिलेनं वाटी खाली ठेवली, ती अर्धी भरलेलीच होती. गापेच्या नजरेतून ते सुटलं नाही.

*

तेवीस वर्षांपूर्वीचं ते. सेथुन्या तीन वर्षांची होती आणि तिच्या पाठीवर मुलगा झाला होता. ओलेबिलेला ड्रायव्हर होऊन चारच वर्षं झाली होती, ट्रक नवा होता. घांझीवरून निघून सलग सात तास गाडी हाकत तो ग्वेटाच्या फाट्यावर आला तेव्हा हातात चार तास होते. घरी सासू नव्हती, गापे पाणी आणायला गेलेली. तो ह्याच झोपडीपाशी आला. लाकूड ह्याच उंबऱ्यावर होतं. बायकोनं आतून म्हटलं, "आत्ता नको. पाय निवू दे." तो हसला. तो तेव्हा पाहुण्यांत राहून शहाणा झाला होता. लाकूड ओलांडून तो आत गेला, पोराला हातात घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला आणि चार तासांनी परत ट्रकवर बसला.

अकराव्या दिवशी पोर गेलं. त्याला विंडहुकला कळलं. येईपर्यंत झोपडीच्या मागं ओल्या मातीचा लहानसा उंचवटा होता, एवढंच.

कुणी त्याला काही म्हटलं नाही. सासूनं नाही, गापेनं नाही, बायकोनं तर मरेपर्यंत नाही. एकानं जरी तोंडावर म्हटलं असतं तरी त्याला भांडता आलं असतं. मग त्यानं फेऱ्या वाढवून घेतल्या. इतर ड्रायव्हर सुट्टी मागायचे, हा सुट्टीतली फेरी मागायचा. घरी पैसे गेले, ब्लँकेटं गेली, सेथुन्याच्या शाळेचे बूट गेले. तो फाट्यावरून हॉर्न वाजवून जायचा, दोन लांब आणि एक आखूड, आणि लहान सेथुन्या कुंपणापाशी येऊन हात हलवायची. आठ-नऊ वर्षांची झाल्यावर ती यायची थांबली. हॉर्न मात्र तो वाजवत राहिला.

*

दुसऱ्या दिवशी पाहुणे वाळवंटाकडं गेल्यावर त्यानं ट्रकच्या स्प्रिंग-पाट्यांचे बोल्ट तपासले, तेल बघितलं, काच पुसली. पुसायला काही उरलं नाही तेव्हा गावाकडं गेला. को-को म्हटलं तर उत्तर आलं नाही. अंगणात कोंबड्या तेवढ्या होत्या.

"मावशी चर्चच्या बायकांकडे गेलीये," झोपडीतून सेथुन्या बोलली. "पापा, तूच आहेस ना?"

"होय."

"मावशीनं सगळं सांगितलं. तीन रात्री म्हणाली ना? थांब." आतून खरखर आवाज आला आणि लाकडाचं टोक उंबऱ्यावरून बाजूला सरकलं. "ये आत."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. आत अंधार होता, डोळ्यांत ऊन असल्यामुळे काहीच दिसेना. शेणाचा, धुराचा आणि दुधाचा मिळून एक वास आला. त्याच्यानं पाय उचलवेना.

"काय झालं?"

"काही नाही."

"तू पाहुण्यांना काय सांगतोस ते मला माहितीये. आमच्याकडे अशा जुन्या समजुती आहेत, असंच सांगतोस ना? ते हसतात, मग तूही हसतोस."

ते खरं होतं. शेकोटीपाशी तो हे सांगायचा, आणि लोकांना ते आवडायचं.

"तुझ्या पाठीवर एक मुलगा झाला होता," तो म्हणाला.

"माहितीये."

"मी घांझीवरून आलो होतो. थेट आत आलो. तुझी आई नको म्हणत होती."

"तेही माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. कागद पण दाखवला. डॉक्टरनं लिहून दिलेलं, जन्मापासूनच काळजात दोष होता. बायबलमध्ये ठेवला होता तिनं."

 एक कोंबडी त्याच्या बुटाच्या नाडीला चोच मारून गेली. "मला का नाही दाखवला?"

"कधी दाखवणार? दाखवायला माणूस बसलेला लागतो."

"म्हणजे माझ्या पायानं नव्हे."

"ते मी कशी सांगू? मावशी म्हणते पायानं, डॉक्टर म्हणतो काळजानं. मला ते ठरवायचं नाहीये." सेथुन्याचा आवाज खाली आला, बहुतेक बाळ पदराखाली घेतलं असावं. "आई म्हणायची, त्या महिन्यात घरातले दोन गेले. एक मातीत गेला, एक ट्रकवर चढला."

तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. बसल्यावर भिंतीच्या पलीकडे बाळाचं चोखणं ऐकू यायला लागलं.

"तुझ्या कंपनीच्या पानावर कुण्या बाईनं लिहिलं होतं," सेथुन्या म्हणाली. "आमचा ड्रायव्हर बिबट्या दिसावा म्हणून चार तास झाडाखाली बसला, हूं की चूं केलं नाही. मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं, हा कोण माणूस असेल." ती थांबली. "लाकूड बाजूला केलंय. आत्ता ये, नाहीतर मावशीच्या हिशेबानं तीन रात्री बस. दोन्ही चालेल मला. पण बाहेरून हात हलवून जाऊ नकोस, पापा. ते आता पुरे झालं."

ओलेबिलेनं लाकडाचं टोक धरलं, उचललं आणि उंबऱ्यावर होतं तसं आडवं ठेवलं.

"बरं," आतून आवाज आला. त्या 'बरं'चा अर्थ त्याला लागला नाही. तो उठून कॅम्पच्या वाटेला लागला तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे त्याला वाटभर टोचत राहिलं.

*

माऊनच्या ऑफिसात फोनवर डेऑन होता. फेऱ्या वाटायचं काम त्याचं.

"माणूस पाठव," ओलेबिले म्हणाला. "उद्यापासून मी नाही."

"कुणी वारलं का?"

"नाही."

"आजारी आहेस?"

"नाही."

"मग मी काय लिहू? फॉर्मवर दोनच कारणं आहेत."

"पाय लिही."

"पायाला काय झालं?"

"गरम आहेत."

डेऑन गोरा खरा, पण घांझीच्या गुरांच्या वाड्यात वाढलेला. त्याला तिथल्याच दाईनं सांभाळलेलं, त्यामुळे गरम पाय म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं.  "लेकीला झालं?"

"मुलगी."

"तुला म्हणून सांगतो, ओलेबिले. मोआगीला पाठवतो सकाळच्या बसनं. पण अर्ध्यातून फेरी सोडली की माणूस यादीत तळाला जातो, तुला माहितीये. आणि तुझ्या वयाला तळातून वर यायला..."

"माहितीये."

"पाऊस होईपर्यंत तरी फोनची वाट बघू नकोस."

सकाळी मोआगी आला. तिशीचा, चकचकीत चष्मा लावलेला, वागायला बरा. ओलेबिलेनं त्याला ट्रक समजावून दिला: दुसरा गिअर थंडीत अडतो, डाव्या खणाचं कुलूप लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, तीन नंबरच्या खिडकीतून धूळ येते म्हणून तिथं कुणाला दोन दिवस बसवायचं नाही. मोआगी मान हलवत होता. एवढं सगळं दहा मिनिटांत सांगून झालं, ह्याचं ओलेबिलेला नवल वाटलं. त्याला वाटलं होतं निदान सकाळ जाईल.

पाहुण्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं. मग एकानं मोआगीला विचारलं, पुढं सिंह नक्की दिसतील ना, आणि सगळे तिकडं वळले. मार्गिट तेवढी मागं राहिली. तिनं त्यानं शिकवल्याप्रमाणे डावा हात उजव्या कोपराला लावून हात पुढं केला. "आम्हाला पुढं गाठणार ना तुम्ही?"

"नाही, मॅडम."

तिनं कारण विचारलं नाही. त्याचं त्याला बरं वाटलं आणि वाईटही.

थांडेकिलेनं त्याची काळी किटली फडक्यात बांधून दिली. "ही न्हे. ट्रकवर हिच्यात दुसऱ्याचा चहा मी करायची नाही. आणि मदाला, इंजिनाच्या आवाजाशिवाय तुला झोप येत नाही. झोप आली नाही म्हणून पळून येऊ नकोस. मी ट्रकमध्ये घेणार नाही."

"तू कोण घेणार?"

"जेवायला कोण घालतं?" ती म्हणाली आणि चढून बसली.

ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत तो कॅम्पच्या फाटकात उभा होता.

*

घरी राहायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

गापेनं पहिल्यांदा बूट काढायला लावले. तळवे उघडे पडले तशी ती वाकून बघायला लागली. पेडलवर आणि बुटात वर्षं काढलेले ते पाय मऊ, फिकट, तान्ह्यासारखे होते. "हे काय रं? गोऱ्या माणसाचं पाय लावून आलास व्हय?" अंगणातल्या काटक्या त्याला टोचत होत्या, तापलेल्या वाळूवर तो कोंबडीसारखा पाय उचलत चालायचा, आणि गापे चुलीपाशी बसून ते मजेत बघायची.

पहाटे साडेचारला त्याला जाग यायची. अंथरूण घडी घालून, तोंड धुऊन तो खुर्चीत बसायचा. मग काही नाही. कुणाला उठवायचं नव्हतं, कुणाला बेत सांगायचा नव्हता. उजाडायला खूप वेळ लागतो, हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. जेवल्यावर ताटली धुऊन तो सवयीनं हवेत फडफडवून वाळवायचा, कारण ट्रकवर ताटल्या पुसत नाहीत.

"पाखरं हाकलतोस काय?" गापे म्हणायची.

शेजारपाजारचे कुंपणावरून डोकवायचे. दुमेला रा-सेथुन्या, असा रामराम घालायचे, आणि लगेच पुढं, कवा निघणार? त्यात वावगं काही नव्हतं. सत्तावीस वर्षं त्यांनी त्याला हेच विचारलं होतं आणि त्यानं दरवेळी दिवस सांगितला होता. आता तो "बघू" म्हणायचा. पुढं कुणाला काय बोलावं सुचायचं नाही. त्याच्याबरोबर शाळेत असलेला एक जण तर थोडा वेळ उभा राहिला, आभाळाकडं बघून "ऊन आहे" म्हणाला आणि गेला.

झोपडीतून सेथुन्या फारसं बोलत नव्हती. बाळाचे आवाज मात्र तो ओळखायला लागला होता. भुकेचं रडणं आखूड तुकड्यांचं, पोट दुखलं की एकच लांब. दुपारी शिंक. शिंकेनंतर स्वतःच दचकल्यासारखी शांतता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गापे चुलीवरून ओरडली, "मीठ संपलं की गं बया."

"मी आणतो," ओलेबिले म्हणाला आणि उठला. दुकान वाटेपलीकडंच होतं. आयुष्यभर कुणी काही संपलं म्हटलं की आणणारा तोच. फाटकाची कडी काढली, पाय बाहेर टाकला, आणि वाळू पायाला लागली तेव्हा त्याला कळलं.

एक पाय आत, एक पाय बाहेर, तसाच तो उभा राहिला. वाटेवर कुणी नव्हतं. गापेची पाठ होती. पाय आत घेऊन कडी लावली असती तर कोंबड्यांशिवाय कुणाला कळलं नसतं. उद्या सकाळी लाकूड निघणार होतं.

त्यानं पाय आत घेतला. चुलीपाशी गेला.

"मा गापे. मी बाहेर पाऊल टाकलं."

पळी थांबली. "किती?"

"एक."

"सगळा पाय टेकला का?"

"टाच न्हाई टेकली. चवडा टेकला."

गापेनं त्याच्या पायाकडं बघितलं, मग फाटकाकडं, मग परत पायाकडं. असला प्रश्न तिच्यापुढं आजवर आला नव्हता हे दिसतच होतं. चर्चच्या बायकांना विचारावं काय, असाही विचार तिच्या तोंडावर येऊन गेला. शेवटी ती म्हणाली, "आणखी एक रात्र."

"बरं."

"चवड्याची एक. टाच टेकली असती तर परत तीन."

झोपडीतून आवाज आला. त्याला आधी वाटलं बाळाचाच. पण तो सेथुन्याचा होता. ती हसत होती, तोंडावर हात दाबून, बाळंतपणाच्या जखमेला धक्का लागू नये म्हणून आवरून आवरून. तिचं हसू त्यानं शेवटचं कधी ऐकलं होतं, ते काही केल्या त्याला आठवेना.

"मावशी," ती आतून म्हणाली, "मीठ मग कोण आणणार?"

"अळणी खावा," गापे म्हणाली.

*

पाचव्या सकाळी गापेनं हात धुतले, लाकूड उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग ती आपल्या कामाला गेली.

आत जाऊन तो क्षणभर उभाच राहिला. डोळे सरावले तशी चटई दिसली, चुलीतली राख, कोपऱ्यात पाण्याचा डबा, आणि सेथुन्या. ती रोडावली होती. गालाची हाडं थेट आईची. तिनं त्याच्याकडं बघितलं, पण उठली नाही.

"बस. भिंतीला टेकून. मांडी घाल."

त्यानं मांडी घातली. तिनं गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. "डोकं धर. असं नाही, खालून."

"नाव काय?"

"अजून नाही. तीन महिने झाले की बाहेर काढू, तेव्हा."

"कुणासारखी आहे?"

"माहीत नाही. मी अंधारात बसलीये दोन आठवडे." सेथुन्यानं जांभई दिली. "मला झोप काढायचीये. माश्या बसू देऊ नकोस तोंडावर. रडली तर उठव, कुरकुरली तर उठवू नकोस. फरक कळतो का तुला?"

"कळतो."

ती पुन्हा काहीतरी विचारणार असं त्याला वाटलं. पण तिनं पांघरूण ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. तिची पाठ त्याच्याकडं होती. थोड्या वेळानं श्वास लांब पडायला लागला.

तो फडक्याच्या टोकानं माश्या वारत बसला. पायाला मुंग्या आल्या, मग तो पाय आहे की नाही तेच कळेनासं झालं. त्यानं मांडी हलवली नाही. बाहेर गापे उखळात ज्वारी कांडत होती. मुसळाचा प्रत्येक घाव जमिनीतून त्याच्या पाठीला लागत होता.

बाळानं झोपेतच मूठ उघडली, पाची बोटं ताणून पसरली आणि एक मोठी जांभई दिली, एवढ्याशा तोंडाला न शोभणारी. ओलेबिलेची मान सवयीनं वर झाली, बघा बघा म्हणून कुणाला तरी दाखवायला. खोलीत जागं असं कुणी नव्हतं. मग त्यानं मान खाली घातली आणि एकटाच बघत राहिला.